संत्र्याच्या सालीने तेलविहिरीचं खारं पाणी गोडं होत नाही

बडोद्यातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. तेलविहिरींत आता संत्र्याच्या सालीचं ग्रीन सॉल्व्हंट, म्हणजे मेण विरघळवणारं वनस्पतिजन्य द्रव्य, वापरतात, ते पाण्यासारखं निरुपद्रवी असतं, त्यामुळे विहिरीतून तेलाबरोबर निघणारं पाणी शेतीला चालतं आणि पेट्रोलही स्वच्छ मिळतं. माझ्या मेव्हण्याची शेती पादऱ्याजवळ. परवा त्याचा फोन आला, “भाऊजी, टँकरवाला असलं पाणी द्यायला तयार आहे. घेऊ का?” तेलाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढलीत, म्हणून लिहितोय.

सालीचं खरं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच विहिरींचं क्रूड, म्हणजे कच्चं तेल, मेणचट असतं. थंडीत बरणीत डालड्यासारखं थिजतं. वर येता येता निवतं आणि मेण विहिरीच्या नळीला आतून धरतं. ते काढायला झायलीन हे पेट्रोलियमपासून मिळणारं सॉल्व्हंट वापरतात. सालीच्या तेलातलं मुख्य द्रव्य, लिमोनीन, हेही ते मेण विरघळवतं. झायलीनची वाफ 27 अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते, लिमोनीनची साधारण 48 ला. मे महिन्याच्या उन्हात विहिरीवर राबणाऱ्या माणसासाठी हा फरक जिवाचा आहे, आणि म्हणूनच मला हे सॉल्व्हंट हवंसं वाटतं.

पण निरुपद्रवी? संत्र्याची साल मेणबत्तीजवळ दाबून बघा, ठिणग्या उडतात. तीच थर्माकोलवर पिळली तर थर्माकोल विरघळतो. लिमोनीनच्या पिंपावर ज्वालेचं चिन्ह असतं आणि शेजारी मेलेल्या माशाचं, कारण पाण्यातल्या जिवांना ते विषारी आहे. हवा लागून जुनं झालं की कातडीवर पुरळही उठवतं.

खरा घोटाळा पाण्याचा आहे. हे पाणी सॉल्व्हंटमुळे बिघडलेलं नसतंच. तेलाबरोबर ते लाखो वर्षं खडकात मुरलेलं असतं. त्यात मीठ असतं, तेलाचे बारीक थेंब असतात, बेंझीनसारखी विषारी द्रव्यं विरघळलेली असतात. नळी धुवायला सॉल्व्हंट वापरतात ते कधीमधी, पाणी मात्र विहीर चालू असेपर्यंत येतच राहतं, आणि विहीर जुनी होईल तसं वाढत जातं. नळी कशानेही धुवा, खालचं मीठ तेवढंच. म्हणूनच तेल वेगळं करून, गाळून ते पुन्हा खोल जमिनीत दाबतात. काळ्या मातीत हेच खारं पाणी सोडलं तर माती चोपण होते. पाऊस पडला तरी पाणी मुरत नाही, भाजीची मुळं गुदमरतात. अशी जमीन सुधारायला वर्षं जातात.

पेट्रोल स्वच्छ होण्याचा तर या सालीशी काहीच संबंध नाही. त्यासाठी गंधक काढतात ते कोयलीसारख्या रिफायनरीत, विहिरीत नव्हे.

मेव्हण्याला म्हटलं, टँकरमधलं वाटीभर पाणी ताटलीत घालून गच्चीवर उन्हात ठेव. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. ताटलीत पांढरा थर धरला होता, नखाने खरवडला तर कडेला काळपट तेलकट वळ. टँकर त्याने फाटकातूनच परत पाठवला.