लॉग थांबले की रीस्टार्ट? त्या ‘पाच सूत्रां’ना उत्तर

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक संदेश सध्या बराच फिरतोय. त्यात लॉगिंगच्या (म्हणजे प्रोग्रॅम काय करतायत याच्या नोंदी ठेवण्याच्या) सगळ्या दुखण्यांवर पाच सूत्रं दिली आहेत. लॉग यायचे थांबले तर लॉगिंगची सर्व्हिस रीस्टार्ट करा. डिस्क भरली तर मोठी लॉग फाइल डिलीट करा. परवानगीची एरर आली तर लॉगच्या फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) द्या. जर्नल (लिनक्समधली नवी नोंदवही) आल्यापासून सिसलॉग (लॉगिंगची जुनी पद्धत) कालबाह्य झालाय, तो काढून टाका. आणि शेवटचं, लॉगमध्ये नोंद नाही म्हणजे ती गोष्ट घडलेलीच नाही.

यातलं प्रत्येक सूत्र कधी ना कधी कुणाला तरी लागू पडलेलं असतं, म्हणून ते पुढे ढकललं जातं. अडचण अशी, की यातली पहिली तीन बिघाडाचा पुरावाच पुसतात.

आधी लॉगचा रस्ता बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आजच्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर प्रोग्रॅम एकतर सिसलॉगचा कॉल करतो किंवा स्टँडर्ड आउटपुटवर लिहितो. सिस्टिमडी (सर्व्हिसेस चालवणारी यंत्रणा) असलेल्या मशिनवर दोन्ही गोष्टी जर्नलडीकडे, म्हणजे जर्नल लिहिणाऱ्या प्रोग्रॅमकडे, पोचतात. तिथून आर-सिसलॉग (सिसलॉग सांभाळणारा प्रोग्रॅम) त्या उचलतो, नियम लावतो आणि फाइलीत टाकतो किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवतो. लॉगरोटेट वेळोवेळी जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करतो. ‘लॉग येत नाहीत’ ही तक्रार यातल्या कुठल्याही टप्प्याची असू शकते.

‘लॉग थांबले की सर्व्हिस रीस्टार्ट करा’

कुठल्या टप्प्यावर अडलंय हे न बघता आर-सिसलॉग रीस्टार्ट करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आणि टप्पा शोधायला एक कमांड पुरते. ‘लॉगर’ ही कमांड वापरून एखादी ओळखू येईल अशी खुणेची ओळ पाठवा. मात्र तुमचा प्रोग्रॅम ज्या फॅसिलिटीने (संदेश कुठल्या विभागाचा हे सांगणाऱ्या खुणेने) लिहितो तीच द्या, नाहीतर ती ओळ वेगळ्या नियमात जाऊन भलत्याच फाइलीत पडेल. दुसऱ्या टर्मिनलवर ‘जर्नलसीटीएल -एफ’ (नोंदी येतील तशा दाखवणारी कमांड) चालू ठेवा. ओळ जर्नलमध्ये दिसली पण फाइलीत नाही, तर भानगड आर-सिसलॉगमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. दोन्हीकडे नाही, तर सॉकेट (संदेश आत येण्याचं दार) किंवा जर्नलडी बघा. दोन्हीकडे व्यवस्थित आली, तर लॉगिंग ठणठणीत आहे आणि तुमचा प्रोग्रॅमच काही पाठवत नाहीये.

हा तिसरा प्रकार लोक धरतच नाहीत. टर्मिनलवर चालवलेला प्रोग्रॅम ओळीगणिक छापतो; तोच सर्व्हिस म्हणून चालवला की त्याचं आउटपुट टर्मिनलकडे जात नाही, आणि बऱ्याच भाषांच्या लायब्ररी ते बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) साठवून ठेवतात. थोडं लिहिणारा प्रोग्रॅम असेल तर तासभर काहीच दिसत नाही, मग एकदम ढीगभर ओळी येतात. तो सिग-किलने (ताबडतोब बंद पाडणाऱ्या सिग्नलने) मारला तर बफरमधलं तसंच जातं. पायथनमध्ये ‘-यू’ देऊन बफरिंग बंद करता येतं. इथे आर-सिसलॉग शंभर वेळा रीस्टार्ट केला तरी ढिम्म फरक पडणार नाही.

दुसरं नेहमीचं कारण मर्यादेचं. जर्नलडीची मूळ सेटिंग एका सर्व्हिसकडून ३० सेकंदांत १०,००० संदेश घेण्याची आहे (मोकळ्या जागेनुसार ही संख्या वाढते). त्यावरचं तो टाकून देतो, पण गुपचूप नाही: किती संदेश ‘सप्रेस्ड’ झाले याची नोंद स्वतः लिहून ठेवतो. ती नोंद शोधा. आर-सिसलॉगच्या जर्नल वाचणाऱ्या मॉड्यूलची मर्यादा याहून वेगळी असते, म्हणजे एकीकडे आकडा वाढवून दुसरीकडे मार खाता येतो.

रीस्टार्टने नुसता वेळ जात नाही, नुकसानही होतं. समजा लॉग टीसीपीने (पोच घेणाऱ्या नेटवर्क जोडणीने) केंद्रीय सर्व्हरकडे जातायत आणि तो सर्व्हर पडलाय. पाठवण्याच्या कृतीला स्वतःची वेगळी रांग दिलेली नसेल तर ती अडकू शकते, मग मागची मुख्य रांग भरत जाते, आणि त्याच मशिनवरची स्थानिक फाइलही थांबते. बघणाऱ्याला वाटतं आर-सिसलॉग मेला. खरं तर तो नोंदी मेमरीत धरून वाट बघत असतो. अशा वेळी रीस्टार्ट केलात आणि रांग डिस्कवर जपण्याची सेटिंग केलेली नसेल (मुळात ती बंदच असते), तर साठलेल्या नोंदी गेल्या. यावर उपाय म्हणजे त्या कृतीला डिस्कचा आधार असलेली स्वतंत्र रांग देणं.

शिवाय कुणीतरी महिन्यापूर्वी कॉन्फिगमध्ये चूक करून ठेवलेली असते आणि चालू प्रोसेस जुन्या कॉन्फिगवर सुखाने चाललेली असते. रीस्टार्ट केलं की ती चूक जागी होते. करायचंच असेल तर आधी ‘आर-सिसलॉगडी -एन१’ने कॉन्फिग तपासून घ्या.

‘डिस्क भरली की मोठी लॉग फाइल डिलीट करा’

हे करून बघितलेल्यांना पुढचा प्रकार माहीत असेल: वीस जीबीची फाइल उडवली, ‘डीएफ’ (डिस्क किती भरली ते सांगणारा) अजूनही १०० टक्केच दाखवतोय. ‘डीयू’ला (फाइलींची जागा मोजणाऱ्याला) विचारावं तर तो म्हणतो एवढा डेटा इथे नाहीच. दोघंही खरं बोलतायत. फाइल डिलीट करणारा ‘आरएम’ फक्त फाइलीचं नाव काढतो. एखाद्या प्रोसेसने ती उघडी धरलेली असेल तर आतला मजकूर डिस्कवर तसाच राहतो. ‘एलएसओएफ +एल१’ अशा बेनामी फाइली आणि त्यांना धरून बसलेल्या प्रोसेस दाखवतो. याहून वाईट म्हणजे लिहिणारी प्रोसेस त्या बेनामी फाइलीतच लिहीत राहते. म्हणजे जागा सुटली नाहीच, वर नवे लॉगही दिसेनासे झाले. मग माणूस पहिल्या सूत्राकडे धावतो, रीस्टार्ट करतो, जागा मोकळी होते आणि संदेश खरा वाटायला लागतो!

जागा खरोखर तातडीने हवी असेल तर फाइल न काढता ‘ट्रंकेट’ने शून्यावर आणा. इथेही एक मेख आहे. जो प्रोग्रॅम फाइल अपेंड पद्धतीने उघडत नाही (शेलमध्ये एकेरी ‘>’ने वळवलेलं आउटपुट याच जातीचं), तो रिकाम्या झालेल्या फाइलीतही आपल्या जुन्या जागेवरूनच पुढे लिहितो. मग ‘एलएस’मध्ये फाइल पुन्हा वीस जीबीची दिसते, प्रत्यक्षात डिस्कवर किरकोळ जागा घेते. अशी फाइल बघून घाबरू नये.

पण त्याआधी शेवटच्या हजारभर ओळी बाजूला काढून ठेवा आणि त्यात कोण बडबडतोय ते मोजा. बहुतेकदा एकच सर्व्हिस एकच एरर सेकंदाला शेकडो वेळा ओकत असते. ती थांबवली नाही तर रिकामी केलेली डिस्क संध्याकाळपर्यंत परत भरेल. आणि ‘डीएफ’ जागा दाखवत असूनही लिहिता येत नसेल तर ‘डीएफ -आय’ बघा. लाखो बारक्या फाइलींनी आयनोड (दर फाइलीमागे लागणारी एक नोंद) संपवलेले असतात.

जर्नलवर मात्र उगाच आळ घेऊ नका. त्याची मूळ मर्यादा फाइल सिस्टिमच्या १० टक्के, आणि तीही ४ जीबीच्या वर जात नाही. ते कमी करायचंच तर ‘जर्नलसीटीएल’मध्ये ‘व्हॅक्यूम’चा पर्याय आहे, पण तो फक्त बंद झालेल्या जर्नल फाइली काढतो, म्हणून सोबत ‘रोटेट’ही द्या.

‘परवानगीची एरर आली तर ७७७ द्या’

फोल्डरवर सगळ्यांना लिहायची परवानगी दिलीत की कुठलाही युजर त्यातली दुसऱ्याची फाइल काढू शकतो. हे झालं सुरक्षेचं. व्यवहाराचं असं, की लॉगरोटेटला ज्या फोल्डरवर कुणीही लिहू शकतं ते चालत नाही. कॉन्फिगमध्ये ‘एसयू’ हा (कुठल्या युजरच्या नावाने काम करायचं ते सांगणारा) निर्देश नसेल तर मूळ फोल्डरच्या परवानग्या असुरक्षित आहेत असं सांगून तो रोटेशनच सोडून देतो. रात्रीच्या या कुरकुरीकडे कुणी बघत नाही. फाइल फुगत जाते आणि काही आठवड्यांनी तुम्ही दुसऱ्या सूत्रापाशी येता.

त्यातून ७७७ देऊनही एरर जात नाही असे दोन प्रकार आहेत. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर एसईलिनक्सचं (परवानग्यांवरच्या आणखी एका सुरक्षा थराचं) लेबल चुकलेलं असतं. ‘एलएस -झेड’ने बघा, ‘रिस्टोरकॉन’ने नीट करा. किंवा सर्व्हिसच्या युनिट फाइलीत (सिस्टिमडीने ती कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलीत) ‘प्रोटेक्टसिस्टिम=स्ट्रिक्ट’ असतं, तेव्हा त्या सर्व्हिसपुरती लॉगची जागाच केवळ वाचनासाठी असते. तिथे परवानग्या बदलणाऱ्या ‘सीएचमॉड’चा काही संबंधच नाही.

‘जर्नल आलंय, सिसलॉग काढून टाका’

यात तथ्य आहे. २०२३ च्या डेबियन १२ या लिनक्सपासून आर-सिसलॉग आपोआप इन्स्टॉल होत नाही, आणि एकट्या मशिनला जर्नल पुरतं. पण काढण्याआधी ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ चालवा; ती दर बूटमागे एक ओळ दाखवते. एकच ओळ आली आणि मशिन तर अनेकदा रीबूट झालेलं आहे, तर तुमचं जर्नल बहुधा रॅममध्ये राहतंय: ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हे फोल्डर नसेल तर ‘स्टोरेज=ऑटो’ या सेटिंगमध्ये तसंच होतं, आणि रीबूटनंतर मागचं काही उरत नाही. दुसरं म्हणजे राउटर, स्विच, फायरवॉल आजही सिसलॉगच बोलतात, बऱ्याचदा यूडीपीच्या ५१४ पोर्टवर, आणि जर्नलडी तो पोर्ट ऐकत नाही. यूडीपीत पोच मिळत नाही हेही ध्यानात असू द्या; वाटेत गळालेली नोंद पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही.

सिसलॉगवर टीका करायचीच तर त्याच्या तारीख लिहिण्याच्या जुन्या नमुन्यावर करा. २००१ च्या आरएफसी ३१६४ (इंटरनेटविषयीचा तांत्रिक दस्तऐवज) मध्ये वर्णिलेल्या त्या नमुन्यात ना वर्ष आहे ना टाइम झोन. २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये दोन्ही आले, तरी जुना नमुना अजून सगळीकडे सापडतो. दोन टाइम झोनमधल्या सर्व्हरचे लॉग एकत्र लावून कारण आणि परिणाम उलटेपालटे वाचणारे कमी नाहीत.

‘लॉगमध्ये नाही म्हणजे घडलं नाही’

पाचातलं सर्वांत घातक हेच, कारण यावर तपास बंद होतो.

मेमरी संपल्यावर कर्नल (लिनक्सचा गाभा) एखादी प्रोसेस मारतो तेव्हा तिला शेवटचा शब्द लिहायचीही संधी मिळत नाही. तिचा स्वतःचा लॉग मध्येच, अगदी शांतपणे संपतो. नोंद असते ती कर्नलच्या लॉगमध्ये, ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये. वीज गेली किंवा मशिन अचानक गोठलं तर आणखी पंचाईत: जर्नलडी डिस्कवर सिंक करतो तो मूळ सेटिंगनुसार दर ५ मिनिटांनी, क्रिटिकल आणि त्यावरच्या पातळीचे संदेश तेवढे लगेच. म्हणजे आपल्याला सर्वांत हव्या असलेल्या शेवटच्या मिनिटांचीच हमी नसते. पातळीची चाळणी, वर सांगितलेली मर्यादा, गळालेलं यूडीपी, आणि रूट (सर्वाधिकार) मिळवलेला घुसखोर तर फाइलीच बदलू शकतो. नोंद नसण्याची इतकी कारणं असताना ‘घडलंच नाही’ हे सर्वांत शेवटी धरायचं.

खरा प्रश्न ‘लॉग गप्प का?’ हा आहे: सांगण्यासारखं काही नव्हतं, की रस्ता तुटलाय? जुना सिसलॉगडी यासाठी दर २० मिनिटांनी ‘मार्क’ अशी एक ओळ टाकत असे. आर-सिसलॉगमध्ये तीच सोय ‘आयएममार्क’ या मॉड्यूलने मिळते. नाहीतर टायमरवर ‘लॉगर’ लावून दर मिनिटाला एक ओळ केंद्रीय सर्व्हरकडे पाठवा, आणि ती सलग चार-पाच मिनिटं आली नाही तर इशारा वाजेल असं तिकडच्या बाजूला बसवा. इकडच्या बाजूला बसवलात तर इशाराही त्याच तुटलेल्या रस्त्याने जाईल.