तो पुतळा चौलला आलेल्या निकितीनचा नाही

खाली मान घालून बसलेल्या माणसाच्या पुतळ्याचा फोटो ‘चौलला आलेला रशियन प्रवासी निकितीन’ म्हणून फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता, चूक माझीच. तो पुतळा रशियातल्या व्होरोनेझ शहरातला, १९११ सालचा, कवी इव्हान निकितीन (१८२४–१८६१) यांचा आहे.

आपला अफानासी निकितीन पंधराव्या शतकातला, रशियातल्या त्व्हेर शहरचा व्यापारी. चौलला उतरून तो घोडा घेऊन जुन्नरला गेला. तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला, पुढे परतही मिळाला. हे त्यानेच लिहून ठेवलंय. त्याचा पुतळा त्व्हेरला व्होल्गाकाठी, उभा आहे.

निकितीन या आडनावाचा अर्थ ‘निकिताचा’; निकिता हे रशियात पुरुषाचं नाव. एवढ्यावरून दोघांचं नातं जुळत नाही. कृपया तो फोटो त्या मजकुरासह पुढे पाठवू नका.