दहा लाख डाउनलोड म्हणजे दहा लाख माणसं? कोणी सांगितलं?

काल धाकट्या भावाने प्रोजेक्टमधलं नीट चालणारं एक पॅकेज (दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड) काढून टाकलं. का, तर "दादा, डाउनलोड कमी आहेत, डेड आहे ते". हे ज्ञान त्या सगळीकडे फिरणाऱ्या मेसेजमधलं: दहा लाख डाउनलोड म्हणजे दहा लाख युजर, एवढ्यांनी वापरलं म्हणजे तपासलेलं आणि सेफ, कमी डाउनलोड म्हणजे मेलेलं, आणि इन्स्टॉल मोजणारे सगळे हेर.

पहिलं घ्या. जावास्क्रिप्टची पॅकेजं जिथून मिळतात त्या एनपीएमवाल्यांनी २०१४ मध्येच स्वतः सांगून ठेवलंय की हा आकडा म्हणजे पॅकेजची फाइल सर्व्हरने किती वेळा दिली एवढंच, त्यात आपोआप चालणारे बिल्ड सर्व्हर आले, सगळ्याची कॉपी ठेवणारे मिरर आले, सगळी पॅकेजं ओढून बघणारे बॉटपण आले. एकच माणूस दिवसात ४० वेळा कोड पुश करतो, सीआय (कोड आला की आपोआप तपासणारी यंत्रणा) दर वेळी कोऱ्या मशीनवर सगळं परत ओढतं, झाले ४० "युजर". आणि उलटंही होतं, पिपने (पायथॉनची पॅकेजं टाकणारं टूल) फाइल कॅशमध्ये जपून ठेवली की त्याच मशीनवर कितीदाही टाका, किंवा कंपनीचा आतला मिरर असला की हजार मशीनवर जाऊ द्या, मोजणीत एकच.

आता सेफवालं, याचा मला खरा राग आहे. एनपीएमवरच्या इव्हेंट-स्ट्रीम पॅकेजचं २०१८ चं प्रकरण आठवतंय? आठवड्याला वीसेक लाख डाउनलोड. मूळ लेखक कंटाळला होता, मदत करतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाला त्याने पॅकेज देऊन टाकलं, त्या माणसाने हळूच एक नवीन डिपेंडन्सी (सोबत आपोआप येणारं दुसरं पॅकेज) घुसवली आणि तिच्यातून कोपे नावाच्या वॉलेटमधले बिटकॉइन चोरायचा कोड आला. दीडेक महिना तो तिथे बसून होता. कुठे होते ते लाखो तपासणारे? अहो, बहुतेकांना आपण ते पॅकेज वापरतोय हेच माहीत नव्हतं, दुसऱ्या कशाच्या तरी पोटातून आलेलं. आणि असंच पोटातून ते कोपेमध्येही पोचत होतं, म्हणूनच तर चोराला ते हवं होतं!

कमी डाउनलोड म्हणजे मेलेलं? पायथॉनची अधिकृत पॅकेजिंग गाइड वाचा. पायथॉनची पॅकेजं जिथे असतात ती पायपीआय साइट पॅकेजच्या पानावर डाउनलोड दाखवतच नाही, आणि कारण तिथे सरळ दिलंय: आकडे फार चुकीचे असतात, आणि जास्त म्हणून चांगलं किंवा कमी म्हणून वाईट असं काही नसतं. भावाला हेच पाठवलं. पॅकेज जिवंत आहे का ते बघायचं तर शेवटचं रिलीज कधीचं, बग टाकला तर कोणी उत्तर देतं का, हे बघ ना बाबा.

हेरगिरीचं अर्धं खरं आहे, मान्य करतो. होमब्रू (मुख्यतः मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं टूल) आपण बंद करेपर्यंत मोजत राहतं, मला ते आवडत नाही. पण डेबियन या लिनक्सचं पॉपकॉन (कोणती पॅकेजं किती मशीनवर आहेत ते मोजणारं) तुम्ही हो म्हटल्याशिवाय काही पाठवत नाही, आणि तेच एक जरा कामाचं, कारण ते नुसतं इन्स्टॉल झालेलं आणि खरंच वापरात असलेलं वेगळं दाखवतं. आता त्यातही हो म्हणणारे कोण, तर हौशी लोक, म्हणजे तो आकडाही जपूनच घ्यायचा.