पाहुण्यांचं पार्किंग रिकामं ठेवलंच पाहिजे
सोसायटीतली पाहुण्यांच्या पार्किंगची जागा रात्री रिकामीच असते, मग रहिवाशांनी तिथे आपली दुसरी गाडी लावली तर बिघडलं कुठे, हा एका लेखात वाचलेला मुद्दा मला अजिबात पटला नाही. अहो, ती रिकामी असते म्हणूनच अडीअडचणीला कामी येते. रात्री-अपरात्री डॉक्टर येतात, कुणाच्या थकलेल्या आईवडिलांना लिफ्टजवळ उतरवायचं असतं, आणि तिथे कुणाची तरी महिनोन् महिने न हललेली, कव्हर घातलेली गाडी! फार संताप होतो. रहिवाशांच्या गाड्यांना स्टिकर आणि पाहुण्यांच्या गाडीची गेटवर वेळेसकट नोंद, एवढं केलं तरी कोण जागा अडवतंय ते लगेच कळतं. दुसऱ्या गाडीची गरज खरी असेल तर सोसायटीच्या सभेत मांडा, सगळ्यांच्या संमतीने भाडं ठरवा.