ते केशरी डाग कॉस्टिकचे नाहीत, तेलाचे आहेत

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. माझ्या मापानं साबण केला, दीड महिन्यात त्यावर केशरी डाग पडले, वास सुटला, म्हणजे कॉस्टिकचं (तेलाचा साबण करणाऱ्या कॉस्टिक सोड्याचं) माप चुकलं, असं तुमचं म्हणणं. शिवाय तेल अंधारात ठेवा, फ्रिजमध्ये ठेवा ही सगळी थेरं, तुमची आज्जी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी सरसोंचं तेल पत्र्याच्या डब्यातच ठेवायची, तिला कधी काही झालं नाही.

आधी माप. मी लिहिलं होतं १५० ग्रॅम खोबरेल आणि ३५० ग्रॅम ऑलिव्ह, तुम्ही ऑलिव्ह महाग म्हणून सूर्यफूल घेतलंत. खोबरेलाला ग्रॅममागे ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, ऑलिव्हला ०.१३५ आणि सूर्यफुलाला ०.१३४, म्हणजे ५ टक्के सुपरफॅट (साबण न होता मुद्दाम शिल्लक ठेवलेलं तेल) धरून दोन्हीकडे ७१ ग्रॅमच्या आसपासच येतं. तेव्हा माप बरोबरच होतं. कॉस्टिक जास्त झालं असतं तर साबण हाताला चरचरला असता, ठिसूळ झाला असता. केशरी डाग आणि खवट वास हे तेल खराब झाल्याचंच लक्षण, आणि सूर्यफुलाच्या साध्या तेलात लिनोलेइक आम्ल (तेलातलं एक स्निग्ध आम्ल) साठ टक्क्यांच्या पुढे असतं, ते हवेतल्या ऑक्सिजनशी फार लवकर जुळून खवट होतं, ऑलिव्हमध्ये ते बरंच कमी असतं म्हणून तो साबण टिकतो. शिवाय तुम्ही वड्या लोखंडी जाळीवर सुकवल्या असं लिहिलंय, लोखंड आणि तांबं दोन्ही हे खराब होणं आणखी वाढवतात. लाकडी फळीवर ठेवा, आणि पाणी डिस्टिल्ड घ्या.

आता जिथे तुमचं बरोबर आहे ते. स्वस्त पर्याय मी द्यायलाच हवा होता, ऑलिव्हवर अडून राहिले. पामोलिन, म्हणजे पाम तेलाचा पातळ भाग, कुठल्याही किराण्यात मिळतं, त्यात लिनोलेइक कमी, साबण घट्ट होतो. खोबरेल, पामोलिन आणि ५ टक्के एरंडेल घेतलं की फेससुद्धा छान येतो, फक्त कॉस्टिकचं माप साबणाच्या कॅल्क्युलेटरवर नव्यानं काढा. सूर्यफूल वापरायचंच तर एकूण तेलाच्या दहा-पंधरा टक्क्यांवर जाऊ नका. आणि गोड बदाम तेल, जोजोबा साबणात घालून वाया घालवू नका, ते मालिशसाठी, अरोमाथेरपीसाठी ठेवा, ३० मिलीत लॅव्हेंडरचे दहा-बारा थेंब पुरतात. सरसोंचं तेल मात्र मालिशीत लॅव्हेंडरबरोबर नको, त्याचा झणका सगळं खाऊन टाकतो. बदाम तेल घेताना मागचं लेबल नक्की वाचा, 'लाइट लिक्विड पॅराफिन' लिहिलं असेल तर ते खनिज तेल, त्याचा साबण होतच नाही.

राहिली आज्जींची गोष्ट. दादा, तेव्हाच्या भरल्या घरात तो डबा किती दिवस टिकायचा? महिन्याभरात संपत असेल, म्हणून खवट व्हायला वेळच मिळत नव्हता. आपण १०० मिलीची बाटली सहा महिने पुरवतो, तीही ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, जिथे पारा ४५ च्या वर जातो. साधारण दर दहा अंशांना हे बिघडणं दुप्पट वेगानं होतं. माझी स्वतःची जर्दाळूच्या तेलाची बाटली गॅसच्या वरच्या फळीवर राहिली होती, जूनमध्ये उघडली तर वॉर्निशचा वास, सगळं फेकलं, फार वाईट वाटलं. तेव्हापासून माझी पद्धत अशी: छोट्या गडद काचेच्या बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या म्हणजे आत हवा कमी, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख. जुन्या तेलाच्या बुडावर नवं तेल कधीच ओतत नाही, कारण उरलेला खवटपणा नव्यालाही लवकर लागतो. जवस, द्राक्षबियांचं, जर्दाळू, बदाम फ्रिजमध्ये. खोबरेल, एरंडेल आणि जोजोबाला फ्रिज नको, मधल्या थंड खोलीतलं बंद कपाट पुरे. जानेवारीत खोबरेल दगडासारखं थिजलं तर घाबरू नका, २४ अंशांच्या खाली ते थिजणारच, भेसळ नाही ती. व्हिटॅमिन ई ताज्या तेलात घातलं तर उपयोगी, खवट झालेलं तेल त्यानं परत सुधारत नाही.

त्या वड्या अंगाला लावू नका, कपडे धुवायला चालतील. आणि त्या सूर्यफुलाच्या डब्यावर पॅकिंगची तारीख काय आहे, डबा कधी उघडला होता, तेवढं बघून कळवा. डबा बरेच महिने उघडा असेल तर उरलेलं तेलही साबणात घालू नका.