राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यावरून कुरुंदवाडचा पूर ठरवू नका

‘राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांखाली आली, राधानगरी धरणाचे दरवाजे मिटले, आता कुरुंदवाडकरांनी घरी परतायला हरकत नाही’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आणि धोक्याचा आहे.

३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका या पातळ्या कोल्हापूर शहराजवळच्या, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या आहेत. प्रत्येक बंधाऱ्याची मोजपट्टी वेगळी असते, तिथले फूट इथे लागू होत नाहीत. शिवाय कुरुंदवाड वसलंय पंचगंगा-कृष्णेच्या संगमालगत. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. म्हणून कोल्हापुरात उतार लागला तरी इथे पाणी थबकून राहतं, कधी वाढतंही. कृष्णेत कोयनेचा विसर्ग येतो, सांगलीजवळ हरिपूरला वारणाही मिळते. राधानगरीचे दरवाजे मिटल्याने त्यातलं काहीच थांबत नाही.

तेव्हा रोजच्या पूर अहवालात नृसिंहवाडी, तेरवाड आणि राजापूर इथल्या पाणीपातळीचे आकडे, सोबत कोयना-वारणेचा विसर्ग पाहा. एकदाच्या आकड्यावर जाऊ नका, उतार सलग दिसला पाहिजे. स्थलांतरित कुटुंबांनी, विशेषतः जनावरं घेऊन गेलेल्यांनी, नगरपालिका किंवा तहसीलची सूचना आल्यावरच परतावं. घरी परतायला सांगणारा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथून काढा आणि हा खुलासा टाका.