बाजीरावांनी अन्न सोडलं

आमच्या घराला माशाच्या दोनच अवस्था ठाऊक होत्या: तळलेला आणि कालवणातला. आई मालवणची. बाजारात बांगड्याचे कल्ले उघडून बघताना कोळीणसुद्धा जरा जपून बोलते तिच्याशी. अशा घरात तीन वर्षांपूर्वी मी जिवंत मासे आणले, तेही शोभेचे, तेही खाऱ्या पाण्यातले. आईने टाकीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे इतकेशे? ह्येंका साफ कोण करतलो?"

दोन क्लाऊनफिश. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. मोठ्याचं नाव बाजीराव ठेवलं, धाकट्याचं मस्तानी. पुढे वाचनात आलं की या जातीत सगळे जन्माला नर म्हणूनच येतात आणि कळपातला जो सगळ्यांत मोठा आणि दांडगा, त्याची मादी होते. म्हणजे आमचे बाजीराव या बाई, आणि मस्तानी हा त्यांचा नवरा. पण तोवर नावं सोसायटीभर झाली होती. रेशनकार्डावरचं नाव आणि माशाचं नाव, एकदा पडलं की बदलत नाही.

तर मे महिन्यात एका मंगळवारी बाजीरावांनी जेवण नाकारलं. एरवी डबा हातात घेतला तरी काचेला नाक लावून उभे राहणारे गृहस्थ (सवयीने गृहस्थच म्हणतो) त्या दिवशी कोपऱ्यात, हीटरच्या मागे. दाणा तोंडासमोर आला. घेतला. थुंकला. बेदाणा समजून लवंग चावल्यासारखा चेहरा केला आणि पाठ फिरवली. मस्तानीने दोघांचं संपवलं.

पहिल्या दिवशी म्हटलं, मूड नसेल. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून दोनदा फोन करून विचारलं, "काही खाल्लं का?" बायको म्हणाली, "मी? हो, उपमा."

धडधाकट मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, हे मला पाठ आहे. नवख्यांना मीच ते समजावतो. पण आपल्या घरातलं कुणी ताटावरून उठलं की पाठांतर कामाला येत नाही.

मासा जेवेनासा झाला की आधी पाणी तपासायचं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि पाच मिनिटांनी रंग तक्त्याशी ताडून बघायचा. पिवळा आला तर अमोनिया नाही, हिरव्याकडे झुकला तर चिंता. मी नळी खिडकीशी धरली. मला पिवळा वाटला. मुलगी म्हणाली, पोपटी. बायकोने साडीच्या दुकानात पदर उजेडात नेऊन बघावा तशी नळी गॅलरीत नेली आणि निकाल दिला, "लिंबूकलर. पण आतून जरा चटणीची झाक आहे." त्या झाकेने माझी झोप उडवली. सकाळी पुन्हा तपासलं, लख्ख पिवळा.

मग रोग. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो एक भयंकर परजीवी असतो. रात्री अकराला सगळे दिवे मालवून मी टॉर्च घेऊन टाकीपुढे उकिडवा बसलो. एक ठिपका दिसला! छातीत धस्स झालं. बाजीराव हलले, ठिपका जागच्या जागी. बोटाने पुसला तर निघाला, काचेच्या बाहेरून वाळलेलं मीठच होतं ते. तेवढ्यात आई पाणी प्यायला उठली. टॉर्च, अंधार आणि पोटाशी गुडघे घेतलेला चाळिशीचा मुलगा बघून ती काही बोलली नाही. टाकीत तर्जनी बुडवली आणि जिभेला लावली.

"आई! काय करतेस?"

"खारट झालां."

"ते खारटच असतं गं. समुद्राचं पाणी आहे ते."

"समुद्राचा पाणी माका शिकव नको, झिला. आमटीत दोनदा मीठ पडला काय लागता, तसा लागता ह्या. तेका भूक नाय, तहान लागली असतली."

पाण्यातल्या माशाला तहान! हे मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात विनोद म्हणून सांगितलं. लोक हसले.

मग सुरू झालं खानपान. दाणे बदलले. पापडाच्या चुऱ्यासारखे फ्लेक्स आणले. बर्फातली बारीक कोळंबी आणली, ती ठेवायला फ्रीजरमधले मटार हलवावे लागले, त्याचा वेगळा वाद झाला. कुणीतरी म्हणालं, लसणाच्या रसात भिजवून द्या, वासाने येतो. लसूण ठेचताना आईने विचारलं, कुणासाठी. सांगितल्यावर म्हणाली, "मगे दोन तिरफळां पण घाल. नि कोकम." शेवटी जिवंत आर्टेमिया. त्याची अंडी मिठाच्या पाण्यात चोवीस तास उबवली की डोळ्याला जेमतेम दिसतील असे केशरी जीव वळवळायला लागतात. त्यासाठी सरबताची बाटली उलटी टांगून, तिच्यात हवेची नळी सोडून मी ओट्यावर प्रसूतिगृह उघडलं. एवढं करून ड्रॉपरने तो घास बाजीरावांच्या तोंडाशी नेताना मी पुटपुटत होतो, "हा घास काऊचा, हा घास चिऊचा..." मागे मुलगी उभी होती. तिने व्हिडिओ काढला. तो आता नातेवाइकांत आहे.

बाजीराव बघत होते. खात नव्हते.

सहाव्या दिवशी रविवार आला आणि मी बाटलीभर पाणी घेऊन कुर्ल्याला ओळखीच्या दुकानदाराकडे गेलो. त्याने एकच प्रश्न विचारला, "नमक कितना है?" मी ताठ मानेने सांगितलं, १.०२५, म्हणजे गोडं पाणी १ धरलं तर त्याच्या इतकं पट जड. दर आठवड्याला मोजतो, कमी दिसलं की घालतो. मोजायला माझ्याकडे प्लास्टिकची डबी आहे, आत काटा तरंगतो. तो म्हणाला, "काटा कभी साफ किया?"

काटा साफ करायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. त्याने छोट्या दुर्बिणीसारखा रिफ्रॅक्टोमीटर काढला, काचेवर माझ्या पाण्याचा थेंब टाकला आणि मला उजेडाकडे तोंड करून बघायला लावलं. वर निळं, खाली पांढरं, आणि दोहोंमधली रेघ १.०३१वर.

प्रकार असा झाला होता. काट्यावर मिठाचा थर साचून तो जड झालेला, म्हणून कमी दाखवायचा. कमी दिसलं की मी मीठ घालायचो. खऱ्या समुद्रात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, माझ्या दीडशे लिटरात ४१च्या घरात गेलं होतं. म्हणजे जवळपास किलोभर जास्त. ठाण्यात, दुसऱ्या मजल्यावर, सोफ्याशेजारी मी तांबडा समुद्र तयार केला होता. आणि समुद्री माशाच्या अंगातलं पाणी बाहेरच्या खारेपणामुळे सतत निघून जात असतं, म्हणून तो सतत पाणी पीत असतो. बाहेर मीठ वाढलं की आणखी पितो. थोडक्यात, तहान.

हे घरी कसं सांगायचं याचा विचार मी कुर्ला ते ठाणे उभ्याने केला. शेवटी "पाण्यात थोडा असमतोल होता" असं म्हणालो. आईने फक्त मान हलवली. त्या मानेत सगळं होतं.

खारेपणा एकदम उतरवला तर माशाला झटका बसतो. म्हणून चार दिवस रोज साडेपाच लिटर खारं पाणी काढून तेवढंच आरओचं गोडं पाणी घातलं. बादली उचलताना कंबर धरली, ती वेगळीच कथा. पाचव्या दिवशी सकाळी उठलो तर आई टाकीपाशी उभी. हातात वाटी, वाटीत करंदी, मोहरीएवढी बारीक चिरलेली. आमच्या दुपारच्या जेवणातली. चिमूट सोडली. बाजीराव हीटरमागून आले, एक तुकडा घेतला. थुंकला नाही. दुसरा घेतला. मस्तानी मध्ये आली तर तिला, म्हणजे त्याला, शेपटीने बाजूला सारलं.

मी ओरडलो. शेजारच्यांनी बेल वाजवून विचारलं.

त्याच दुपारी मी नवाकोरा रिफ्रॅक्टोमीटर मागवला. आला त्या दिवशी आई कालवण करत होती. मला राहवलं नाही. कुणाचं लक्ष नाही बघून पळीतला एक थेंब काचेवर टाकला आणि खिडकीकडे तोंड करून डोळा लावला. निळं नाही, पांढरं नाही, रेघ नाही. नुसतं तांबूस धुकं.

आईने पळी माझ्या हातातून घेतली, तळव्यावर थेंब टाकून चाटला.

"मीठ कमी आसा."